मोरी आडनावाचे सामुराई

इंग्लंडमध्ये जपानी आडनाव लावणारा झाडून सगळा समाज सामुराईंचा वंशज आहे. हे मी अकरा वर्षं लिहिलं, छापलं आणि सोनेरी चौकटीत बसवून घरोघरी पाठवलं. या अकरा वर्षांत मला कोळ्याचा वंशज भेटला नाही, कुंभाराचा भेटला नाही, साध्या हमालाचाही भेटला नाही. सगळे तलवारवाले. मग त्या देशात भात कोण लावत होतं, असं मी एकदा आमच्या साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "भाताचं चित्र भिंतीवर चांगलं दिसत नाही."

हे साहेब म्हणजे रॉजर. आमची कंपनी म्हणजे वॉटफर्डमध्ये गालिच्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्या. धंदा आडनावांचा. तुम्ही वेबसाइटवर आपलं आडनाव टाइप करायचं, की आठवड्याभरात पोस्टाने एक सर्टिफिकेट घरी येतं. कागद चहाच्या रंगाचा, म्हणजे जुना वाटावा. तो रंगही आमच्या प्रिंटरचाच. वर एक मानचिन्ह, खाली तीन परिच्छेद. पहिला उगमाचा, दुसरा अर्थाचा, तिसरा प्रसाराचा. या तिसऱ्या परिच्छेदात रॉजरला एकाच वेळी दोन गोष्टी हव्या असत: आडनाव दुर्मीळही असलं पाहिजे आणि सगळीकडे प्रसिद्धही असलं पाहिजे. हे कसं जमायचं, असं विचारलं की तो म्हणे, "तुम्ही लेखिका आहात ना?"

रॉजर आधी फिटेड किचन विकायचा. ओट्याला कुठला दगड हवा हे जसं गिऱ्हाईक ठरवतं, तसंच पूर्वज कुठला हवा हेही गिऱ्हाइकानेच ठरवायचं, एवढीच त्याची इतिहासाची समज. आयरिश आणि स्कॉटिश आडनावं विकून झाल्यावर त्याची नजर आशियाकडे वळली आणि त्याने नोकरीची जाहिरात दिली.

मी पुण्यात सहा वर्षं जपानी शिकले होते. नंतर चाकणच्या एका कारखान्यात दुभाषी होते. जपानी इंजिनियर आणि आपले फोरमन यांच्या मधोमध उभं राहून बोलायचं काम. तिथे मी एकच गोष्ट पक्की शिकले: कळलं नसेल तर पुन्हा विचारायचं, अंदाजाने बोलायचं नाही. अंदाजाने बोललं की मशीन मोडतं. नवऱ्याची बदली झाली म्हणून आम्ही वॉटफर्डला आलो, आणि इथे माझ्या जपानीला कुत्रं विचारीना. इंटरव्ह्यूमध्ये रॉजरने विचारलं, "तुम्ही आशियातल्या ना?" मी हो म्हटलं. झाली नेमणूक. माझी सर्टिफिकेटं त्याने उघडूनही पाहिली नाहीत. सर्टिफिकेटं विकणाऱ्या माणसाचा सर्टिफिकेटांवर विश्वास नसावा, हे समजण्यासारखं आहे.

पहिल्याच आठवड्यात 'मोरी' हे आडनाव समोर आलं. मी एकटीच हसत बसले. आपल्याकडे मोरी म्हणजे न्हाणीतलं सांडपाणी जायची जागा. जपानीत मात्र मोरी म्हणजे वन. देवळाभोवती राखलेलं रान, आपण ज्याला देवराई म्हणतो, त्यालाही मोरी म्हणतात. अशा रानाच्या कडेला राहणारे ते मोरी. अगदी साधं, सरळ आडनाव. दुर्मीळ मुळीच नाही; जपानात, विशेषतः पश्चिमेकडे, मोरी आडनावाची माणसं उदंड. दीडशे वर्षांपूर्वी तिथल्या सरकारने सगळ्यांना आडनाव सक्तीचं केलं. तेव्हा लोकांनी रातोरात आडनावं पैदा केली असं सर्रास लिहिलं जातं. तेही अर्धंच खरं. खेड्यापाड्यांत कित्येकांना आधीपासून आडनावं होती, फक्त ती उघडपणे लावायची परवानगी नव्हती.

गंमत पुढे आहे. जपानात आणखी एक आडनाव आहे, त्यातला 'मो' लांबवून म्हणतात: मोऽरी. हे खरोखरच्या सरदार घराण्याचं नाव. त्याची अक्षरं वेगळी, उगम वेगळा. एका जहागिरीच्या गावावरून आलेलं. एक आडवी पट्टी आणि खाली तीन गोळे, असं त्यांचं चिन्ह. पण इंग्रजीत दोन्ही आडनावांचं स्पेलिंग एकच. आपले दिन आणि दीन इंग्रजीत लिहून पाहा, म्हणजे कळेल. दिवस आणि गरीब यांत काही फरकच उरत नाही. जपानी आडनावाचा अर्थ उच्चारात नसतो, तो अक्षरात असतो. अक्षर पाहिल्याशिवाय अर्थ सांगणारा एकतर अडाणी असतो किंवा लबाड.

हेच मी 'मोरी'च्या मजकुरात शेवटी लिहिलं होतं, जरा सभ्य शब्दांत. "मूळ अक्षरं पाहिल्याशिवाय अर्थ निश्चित सांगता येत नाही."

रॉजरने ते वाक्य खोडलं. रान काढून टाकलं. सरदार ठेवले, पट्टी आणि तीन गोळे ठेवले, आणि सरदारांची दोन अक्षरं सर्टिफिकेटच्या मधोमध घातली.

"अहो, पण बहुतेक मोरी हे रानवाले आहेत," मी म्हटलं.

"रानाला कोट ऑफ आर्म्स असतो का?"

"नसतो."

"मग?"

मी दुसऱ्या दिवशी वेळेवर कामावर गेले. अकरा वर्षं जात राहिले.

गिऱ्हाइकांबद्दल किती सांगू! लीड्सचा एक मनुष्य दर महिन्याला फोन करायचा. तो कराटे शिकवत असे आणि त्याचं म्हणणं असं, की त्याचं इंग्रजी आडनाव हे मुळात जपानी असणार, कारण त्याला लहानपणापासून भात आवडतो. एका बाईंना आडनावाचा अर्थ 'कमळ' असाच हवा होता. मी तो 'खालचं शेत' असा कळवला, तर त्यांनी रॉजरकडे तक्रार केली की मी उद्धटपणे बोलले. आपलेही काही कमी नाहीत. वेम्बलीला ईलिंग रोडवर भाजी घेताना एक ओळखीचे गृहस्थ मला अडवून म्हणाले, "अहो वहिनी, आमच्या आडनावासारखंच एक आडनाव जपानात आहे म्हणे. म्हणजे आपण गेलो असणार तिकडे!" मी म्हटलं, गेला असाल तर परत कशाला आलात?

या सगळ्यांना मी मनसोक्त हसले. हसणं सोपं असतं, विशेषतः पगार त्याच धंद्यातून येत असला की.

मग एका शुक्रवारी जीन मोरींचा फोन आला.

बाई साउथहॅम्प्टनच्या. पासष्टीच्या पुढच्या. आवाज कोरडा, कामापुरतं बोलणारा. त्यांच्या यजमानांचं नाव केन, म्हणजे मूळचे केंजी मोरी. मालवाहू जहाजावर खलाशी म्हणून आले, गोदीच्या कँटीनमध्ये जीन कामाला होत्या, तिथे ओळख झाली, आणि जहाज त्यांना सोडून पुढे गेलं. नंतर ते कंटेनर पोर्टच्या वर्कशॉपमध्ये फिटर झाले. आदल्या हिवाळ्यात वारले. जपानमधल्या घराबद्दल त्यांनी कधी अवाक्षर काढलं नव्हतं आणि बाईंनी विचारलंही नव्हतं. त्यांच्या मागे मुलाने आमचं सर्टिफिकेट मागवलं.

"मला ती मधली दोन अक्षरं मोठी करून हवी आहेत," त्या म्हणाल्या. "त्याच्या थडग्याच्या दगडावर कोरायची आहेत. कारागीर म्हणतो, छापलेली फार बारीक आहेत."

मी विचारलं, "मिस्टर मोरींच्या हातचं काही लिहिलेलं आहे का? जपानीत?"

"छे. तो जपानी कधी लिहायचाच नाही. झाडं तेवढी काढायचा."

"कसली झाडं?"

"ख्रिसमसची. एक वर, दोन खाली. प्रत्येक पान्यावर, डब्यावर, मुलांच्या वाढदिवसाच्या कार्डांवर. लिहायचं काही सुचायचं नाही ना, मग झाडं काढायची."

झाडाचं जपानी अक्षर म्हणजे एक आडवी रेघ, एक उभी, आणि दोन बाजूंना दोन तिरक्या. लहान मूलही ओळखेल, झाडच आहे ते. एक झाड वर आणि दोन खाली काढली की होतं वन. होतं मोरी.

रॉजर समोरच्या टेबलाशी बसला होता. मी रिसीव्हरवर हात ठेवून त्याला चार वाक्यांत सगळं सांगितलं. तो म्हणाला, "त्यांनी मागितलंय ते पाठवा. कुणाच्या दुःखात आपण वाद कशाला घालायचा?"

मी ती फाइल पाठवली. सरदारांची दोन अक्षरं, मोठी करून, स्वच्छ. या लेखातलं हे वाक्य लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

पुढचे तीन आठवडे मी जीनबाईंना लिहायच्या पत्राचे खर्डे करत होते. नवऱ्याने एक वाचला आणि म्हणाला, "यात तू काय केलंस ते कुठेच नाहीये. सगळं 'झालं' आणि 'गेलं' आहे." शेवटी मी फोन केला, भेटायला येऊ का म्हणून विचारलं, आणि एका शनिवारी वॉटर्लूहून गाडी पकडून साउथहॅम्प्टनला गेले.

बैठं, छोटं घर. दारातच आमचं सर्टिफिकेट लावलेलं. त्यांचा मुलगा कॉलिन घरी होता, चाळिशीचा, क्रूझ टर्मिनलवर सामान चढवण्याचं काम करणारा. मी जपानी जाणणारी आहे म्हटल्यावर त्याने हौसेने बाही वर केली. हातावर आडवी पट्टी आणि खाली तीन गोळे, ठसठशीत गोंदवलेले.

"दगड बसवला का?" मी विचारलं.

"मागच्याच आठवड्यात," जीनबाई म्हणाल्या. "सुरेख झालाय. चहा घ्या."

मी चहा घेतला नाही. आधी सांगून टाकलं. दोन आडनावं, दोन उच्चार, एक स्पेलिंग. सरदार आणि रान. आणि ती तीन झाडं. सांगताना शिक्षिकेसारखा आवाज लागला होता माझा. लाज वाटली की मला असाच आवाज लागतो.

कॉलिन आधी बोलला. "म्हणजे आम्ही कोण? लाकूडफाटा?"

"रान," मी म्हटलं. "देवळाभोवतालचंही असू शकेल."

"असू शकेल. तुम्हाला नक्की ठाऊक नाही. मग डॅड सरदारांचाही असू शकेल. तुमच्याच कागदावर लिहिलंय."

"कागद चुकीचा आहे. तो मी लिहिलाय."

जीनबाई उठून मागच्या शेडमध्ये गेल्या आणि एक मोठा पाना घेऊन आल्या. पोलादावर कशाने तरी टोकरून काढलेली तीन झाडं. वरचं झाड मोठं, खालची दोन एकमेकांवर रेललेली. त्यांनी तो माझ्यासमोर टेबलावर ठेवला.

"हे त्याचं नाव आहे?"

"हो."

"पुन्हा सांगा."

"हे 'मोरी' आहे. त्यांनी सही केली आहे."

त्यांनी एकेका झाडावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "चाळीस वर्षं तो सही करत होता, आणि मी मुलांना सांगत होते की डॅडला ख्रिसमस फार आवडतो." त्यांच्या डोळ्यांत पाणीबिणी आलं नाही. त्यांनी मान वर करून मला विचारलं, "मी फोनवर झाडांबद्दल बोलले, तेव्हाच तुम्हाला कळलं होतं?"

"हो."

"आणि तरी ते पाठवलंत?"

"हो."

"मग तुम्ही आता जा."

मी गेले. इतके दिवस जगाला शहाणपण शिकवणारी मी बस स्टॉपवर उभी राहिले आणि स्टेशनची बस समोरून निघून गेली तरी मला कळलं नाही.

सोमवारी मी रॉजरला सांगितलं की जपानी आडनावाच्या प्रत्येक ऑर्डरच्या आधी गिऱ्हाइकाला मूळ अक्षरं विचारली पाहिजेत, आणि नसतील तर अर्थ सांगायचा नाही.

"लोकांकडे नाही ते मागितलं तर विकत कोण घेईल?" तो म्हणाला. "अकरा वर्षांत एकाने तरी तक्रार केली?"

"कुणाला कळलंच नाही तर तक्रार कोण करणार?"

"मग त्रास कोणाला झाला?" त्याने खरोखरच समजून घ्यायला विचारलं. हेच त्या माणसाचं कठीण होतं. तो दुष्ट नव्हता. दगडाबद्दल सांगितल्यावर त्याने खिन्न चेहरा केला आणि बाईंना एक मोफत फ्रेम पाठवू या म्हणाला. फिक्या ओक लाकडाची. मी राजीनामा लिहिला. मोठेपणा म्हणून नव्हे. त्या टेबलाशी बसून आता एक ओळही लिहिता येईना म्हणून. त्याने तो वाचला आणि जाण्याआधी कोरियन आडनावांचा मजकूर पुरा करून देता का, असं विचारलं.

दीड महिन्याने जीनबाईंचा फोन आला. नमस्कार-चमत्कार काही नाही. "दगडाचा पृष्ठभाग घासून काढलाय. खालचा दगड चांगला आहे. कारागिराला काही विचारायचं आहे आणि ते मला सांगता येत नाही. याल का?"

मी दोन दिवस सराव केला. कपाटातून ब्रश काढले, शाई काढली. माझे शिक्षक माझ्या अक्षराची तारीफ करत असत. तीन झाडांचं ते अक्षर मी पन्नासएक वेळा गिरवलं आणि त्यातलं उत्तम निवडून पुठ्ठ्याच्या नळीत घालून नेलं. तोललेलं, डौलदार, कुठे एक रेघ कमीजास्त नाही.

कारागिराच्या कार्यशाळेत जीनबाई आणि कॉलिन आधीच आले होते. कॉलिनने पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला होता. मी आल्याची दखल त्याने मानेनेच घेतली. बाकावर फडक्यात गुंडाळलेला तो पाना होता. कॉलिन आईला म्हणाला, "मी माझा हात काही घासून घेणार नाही, सांगून ठेवतो."

"नको घेऊस," त्या म्हणाल्या. "हात तुझा आहे. दगड त्याचा आहे."

मी माझा कागद उलगडला. कारागीर, म्हातारा, जाड चष्म्याचा मनुष्य, तो पाहून "अरे वा," म्हणाला. जीनबाईंनी कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "पण हे त्याचं नाही. त्याची खालची दोन एकमेकांवर पडायची." कागद त्यांनी नीट गुंडाळून मला परत दिला.

मग कारागिराने पाना दिव्याखाली धरला आणि मला जवळ बोलावलं. उजवीकडच्या झाडाची शेवटची रेघ जिथे संपायला हवी तिथे संपत नव्हती. पुढे बोटभर बारीक ओरखडा गेला होता, पान्याच्या कडेपर्यंत.

"हे शेपूट," तो म्हणाला. "हे अक्षराचाच भाग आहे का? बाकी सगळं मी जसंच्या तसं उतरवतो, पण हे कळत नाही."

अखेर मला नक्की ठाऊक असलेली एक गोष्ट कुणीतरी विचारली होती. मी म्हटलं, "नाही. अक्षरात हे नसतं. टोकरताना त्यांचा हात निसटला आहे."

कारागिराने मान डोलावली आणि पेन्सिलने त्या ओरखड्यावर फुली मारायला हात उचलला.

"राहू द्या ते," जीनबाई म्हणाल्या. "तेही कोरा."